वाडा क्लिक करताय? आधी वर बघा, मग खाली!

रविवारची सकाळ, गळ्यात कॅमेरा, पोटात अमृततुल्यचा चहा आणि समोर सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा. वीकेंडला याहून भारी कॉम्बिनेशन काय असणार? आठवडाभर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसून कंटाळलेली बरीच मंडळी हल्ली अशी पेठांत फिरताना दिसतात. महिरपीखाली एक फोटो, दगडी उंबऱ्यावर एक, मग अपलोड, मग मिसळ, मग घरी. यात वाईट काहीच नाही. पण यातल्या काहींना दोन-चार रविवारांनंतर वेगळीच चुटपुट लागते. मागच्या महिन्यात जिथे फोटो काढला, तिथे आज पत्रे ठोकलेत आणि आत जेसीबी उभा आहे! मग डोक्यात येतं, की अख्खा वाडा नीट शूट करून ठेवायला हवा. दिंडी दरवाजापासून परसातल्या विहिरीपर्यंत, सगळाच.

आयडिया झकास आहे, आणि गरजेचीही. शनिवारवाड्याचंच बघा ना. १८२८ च्या आगीत त्याचं लाकूडकाम जळालं आणि तटबंदी, जोती, कारंजी तेवढी उरली. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे पेशव्यांच्या त्या महालांचा एकही फोटो असणं शक्यच नव्हतं. आपल्या हाती आहेत ती वर्णनं आणि अंदाज. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तो वर्षानुवर्षं खचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी एका रात्रीत पाडला गेला. आणि ज्यांच्या नावावर इतिहासाची पाटी नाही, असे साधे भाडेकरूंचे वाडे? ते तर बातमीसुद्धा न होता जातात.

गोची अशी आहे, की ज्या वाड्याचे फोटो काढायची सगळ्यात जास्त घाई असते, तोच वाडा आत शिरायला सगळ्यात धोक्याचा असतो. दोन्हीचं कारण एकच. तो पडायला आलाय! त्यामुळे शूटचं प्लॅनिंग करताना ‘काय काय टिपायचं’ या यादीबरोबर ‘काय सोडून द्यायचं’ ही यादीसुद्धा आधी करावी लागते. ही दुसरी यादी करायला फार जणांना आवडत नाही.

आधी माणसं, मग खांब

पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतून काढूच नका. सरळ जा, बेल वाजवा (दुपारी १ ते ४ सोडून, हा पुणेरी जोक नाही, आत आजी-आजोबा खरंच झोपलेले असतात) आणि बोला. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कोण तुम्ही? बिल्डरकडून आलात का?” यात तुसडेपणा नसतो, अनुभव असतो. पेठांतल्या कितीतरी वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टात तारखा चालू आहेत. भाडेकरूंना वाटतं, हे फोटो ‘बघा, इमारत मोडकळीला आलीये’ म्हणून आपल्याविरुद्ध वापरले जातील. मालकांना वाटतं, उद्या कुणीतरी हे फोटो घेऊन हेरिटेजवाल्यांकडे जाईल आणि रीडेव्हलपमेंट अडकेल. दोघांचीही भीती खरी आहे. गोड हसून ती जात नाही.

म्हणून एका पानाचं साधं संमतिपत्र करा, मराठीत. फोटो कशासाठी, ते कुणाकडे राहणार, कुठे छापणार, त्यात माणसांचे चेहरे आणि खोल्यांतलं सामान दिसणार की नाही. मालकाची सही घ्या आणि ज्या खोलीत भाडेकरू राहतात तिथे त्यांचीही घ्या. एका काकूंनी “आमच्या स्वयंपाकघराचे नकोत” म्हटलं, तर ते स्वयंपाकघर तुमच्या ‘सोडून द्यायच्या’ यादीत गेलं. विषय संपला.

या गप्पांचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. वाड्याच्या तब्येतीची खरी फाइल तिथल्या माणसांच्या डोक्यात असते. कुठला जिना वापरतात, कुठला दहा वर्षांपूर्वी बंद केला, पावसाळ्यात पाणी कुठे ठिबकतं, कुठल्या खोलीत पोरांना जाऊ देत नाहीत. हे सगळं लिहून घ्या आणि वहीत वाड्याचा कच्चा नकाशा काढून त्यावर लाल पेनाने खुणा करा. महापालिकेची नोटीस आली आहे का, तेही विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना नोटिसा जातात. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. समोर सी-१ असेल तर शूट रस्त्यावरून किंवा समोरच्या गच्चीवरून. ‘पाच मिनिटांत जाऊन येतो’ वगैरे नाही.

वाडा पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

हे एकदा समजलं की आत कुठे उभं राहायचं ते कळतं. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर दगडी उथळ्यांवर उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. भार मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर असतो. मजल्याची जमीन म्हणजे कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. माती उन्हाळ्यात गारवा देते, पण छताचं एखादं कौल फुटलं की हीच माती पाणी पिते आणि जड होते. आणि कड्यांची जी टोकं भिंतीत गेलेली असतात, तिथे हवा लागत नाही, ओल साचून राहते. लाकूड आधी तिथेच कुजतं. खोलीच्या मध्यभागी उभं राहून बघितलं तर सगळं ठणठणीत दिसतं आणि गडबड भिंतीच्या पोटात चाललेली असते!

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे असेच बसले. जोती राहिली, मातीच्या भिंती विरघळल्या. आजही काही जुन्या घरांवर त्या पुराची पातळी दाखवणारी खूण सापडते. सापडली तर तिचा फोटो आधी काढा, जमिनीपासून टेप लावून.

त्यामुळे सीझन महत्त्वाचा. जून ते ऑक्टोबर विसरा. पाऊस थांबला म्हणून भिंत लगेच वाळत नाही. दिवाळी उलटू द्या. एखादा स्ट्रक्चरल इंजिनीअर किंवा कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट मित्र असेल तर रेकीला त्याला पकडून न्याच. पुण्यात दर तिसऱ्या घरात इंजिनीअर असतो, सिव्हिलवाला शोधणं एवढं अवघड नाही. तो येईपर्यंत तुम्हीही काही गोष्टी बघू शकता. तुळईवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. खांबाखाली पिठासारखा भुगा पडलेला असेल तर भुंगा. लाकडावर टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज न येता ‘थप्प’ असा आला तर आतून पोकळ. छताला मधोमध झोळ आला असेल, भिंतीला पोट सुटलं असेल, काल उघडणारा दरवाजा आज अडकत असेल, तर ती खोली नकाशावर लाल. या खोलीत दारातून जेवढं दिसेल तेवढंच टिपायचं, पाय उंबऱ्याच्या बाहेर.

वरच्या मजल्याचा नियम तर अगदी सोपा आहे. घरातली माणसं रोज जिथून चालतात, तिथूनच चालायचं. वाड्यांचे जिने भिंतीच्या जाडीत बांधलेले असतात, अंधारे, उभे आणि इतके अरुंद की खांदे घासतात. धरायला वरून एक दोर लोंबत असतो. पाठीवर बॅग आणि हातात ट्रायपॉड घेऊन त्यावर चढणं म्हणजे सर्कस. सामान एकाने वर जाऊन दोरीने ओढून घ्यावं. आणि एका वेळी एका खोलीत दोनच माणसं. कॉलेजचा अख्खा फोटोग्राफी क्लब गॅलरीत उभं राहून ग्रुप फोटो काढतो, तेव्हा खालून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

हेल्मेट, पण बाइकचं नाही

अंगावर काय घालायचं यावर फॅशनच्या पानांत कुणी लिहीत नाही, म्हणून इथे. जाड तळव्याचे बूट, कारण जुन्या फळ्यांतून वर आलेले खिळे स्लीपर मानत नाहीत. डोक्याला बांधायचा टॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट. बाइकचं घालून गेलात तर बाजूचं दिसत नाही, ऐकू येत नाही आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लागत नाही. आणि एन-९५ मास्क. लॉकडाऊननंतर तो घरोघरी आहेच. बंद माडीत कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठा वर्षानुवर्षं साचलेली असते, तिच्या धुळीबरोबर बुरशी फुफ्फुसात जाऊ शकते. ‘फ्रेम स्वच्छ करू’ म्हणून तिथे झाडू मारायला जाऊ नका.

झाडू न मारायचं आणखी एक कारण म्हणजे रहिवासी. जुन्या घरांत पालींच्या मागावर कवड्या साप येतो, तो बिनविषारी. पण दिसायला तो थेट मण्यारसारखा, आणि मण्यार जहाल विषारी. कवड्या की मण्यार हे ठरवायची जबाबदारी आपली नाही. लांब व्हा, सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर १०८ आणि सरळ मोठं हॉस्पिटल, मांत्रिक-बिंत्रिक काही नाही. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर त्याच्याजवळ फ्लॅश उडवायचा नाही, हे सांगायला नको.

लाइटसाठी वाड्यातल्या प्लगला हात लावू नका. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या वायरिंगला कापडी वेष्टण असतं आणि ते हात लावला की चुरगळतं. त्यावर हॅलोजन लावणं म्हणजे सुक्या सागवानाशेजारी काडी ओढणं. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत गेला, तो असाच लाकडाचा होता. बॅटरीवरचे एलईडी पॅनल पुरतात. खरं तर तेही कमीच लागतात, कारण वाड्याचा लाइटमन चौकातलं आकाश आहे. सकाळी आठ-साडेआठला ओसरीत जो मऊ उजेड येतो, त्याची सर कशालाच नाही. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत चौकाच्या तळापर्यंत ऊन उतरतं आणि कारंज्याचं, तुळशी वृंदावनाचं कोरीवकाम छान उठतं. ही वेळ नेमकी १ ते ४ च्या अलीकडे उरकायची!

आता ‘खाली बघा’चा मुद्दा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे मागे सरकत जाणं ही फोटोग्राफरची जुनी खोड, आणि वाड्याच्या परसात विहीर किंवा आड असतो, कधी नुसत्या फळ्यांनी झाकलेला. म्हणून टीममध्ये एक माणूस असा ठेवायचा जो फोटो काढत नाही. त्याचं काम फक्त बघणं: वर, खाली, मागे. त्याने “बाहेर!” म्हटलं की प्रश्न न विचारता बाहेर यायचं. छतातून माती गळायला लागली, कुठे करकर आवाज आला, तर ट्रायपॉड तिथेच सोडायचा. लेन्स महाग असते हे मान्य, पण तिचा इन्शुरन्स काढता येतो. आणखी एक जण रस्त्यावर हवा, ज्याला तुम्ही किती वाजता बाहेर येणार हे माहीत आहे. जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नसते.

आणि ते भुयार! प्रत्येक वाड्यात एक काका असतातच, जे सांगतात की इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे. ऐकायला मजा येते. प्रत्यक्षात ते बरेचदा तळघर असतं, नाहीतर पाण्याची जुनी वाट. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात बांधीव नळाने पाणी आणलं, ठिकठिकाणी हौद आणि उच्छ्वास बांधले, त्याच्या शाखा काही वाड्यांतही गेल्या होत्या. विषय भन्नाट आहे, पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि तो वासावरून कळत नाही. तोंडाशी उभं राहून एक फोटो, बस्स.

फोटो, जे वीस वर्षांनी कामाला येतील

इन्स्टाग्रामला आवडणारा फोटो आणि वास्तुरचनाकाराला उपयोगी पडणारा फोटो यांत फरक आहे. मोबाइलच्या ०.५ लेन्सने माजघर दिवाणखान्याएवढं दिसतं आणि खांब दोन्हीकडे झुकतात. तो फोटो बघून पुढे कुणी मोजमाप करायला गेला तर फसेल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ ते ३५ एमएम पुरे. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवा, म्हणजे उभ्या रेषा उभ्या राहतील. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. चौकातलं ऊन आणि ओसरीतला अंधार एकाच फ्रेममध्ये असतो, म्हणून दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन शॉट्स. लाकडी जमिनीवर शटर उघडं असताना कुणी पाऊल हलवायचं नाही, सगळी जमीन थरथरते. ट्रायपॉडच्या पायांना अर्धे कापलेले टेनिस बॉल लावा. जुन्या फरशीवर ओरखडे उठत नाहीत.

क्रम बाहेरून आत: आधी रस्त्यावरून पूर्ण दर्शनी भाग, मग दरवाजा, देवडी, चौकाच्या चारही बाजू, मग एकेक खोली समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून आणि छत. मग तपशील, शेजारी दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक मीटरची पट्टी ठेवून. कोरीव खांब, केळफुलं, गवाक्षं हे सगळे काढतातच. मला विचाराल तर जिन्याखाली ओळीने लावलेले विजेचे मीटर त्याहून जास्त बोलतात. आठ मीटर म्हणजे आठ बिऱ्हाडं, त्यांतले किती फिरतायत आणि किती थांबलेत. मोरीतलं तांब्याचं घंगाळ, दारामागच्या उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा, बाळंतिणीच्या खोलीतला तो एवढासा झरोका, हे कुठल्याच प्लॅनमध्ये सापडत नाही.

भिंतीवर जुनं चित्र सापडलं तर हात लावू नका आणि रंग उठून दिसावेत म्हणून त्यावर पाणी तर अजिबात मारू नका. चुन्यावरचे रंग पोपडे होऊन निघतात. ड्रोनची खुमखुमी असेल तर आधी अधिकृत एअरस्पेस नकाशात झोन तपासा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे ‘छोटासाच तर आहे’ हे उत्तर चालत नाही. शिवाय आसपासच्या गच्च्यांवर लोक राहतात, कपडे वाळत घालतात. शेजारच्या चार मजली इमारतीच्या गच्चीची चावी मिळवलीत तर कौलांचा त्याहून चांगला फोटो मिळतो, आणि चहाही.

पहिल्याच फटक्यात मोडका वाडा निवडू नका. हात बसवायला बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, दर्शनी सज्जा सुरूच्या कोरीव खांबांवर तोललेला. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, भिंतीवरच्या चित्रांसकट. ‘स्वदेस’मधला घाट तो हाच, म्हणजे मित्रमंडळींना घेऊन जायला निमित्तही आहे. परवानगीचं मात्र दोन्हीकडे आधी विचारा. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. तिथे ट्रायपॉड उघडायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

घरी आल्यावर झोपायच्या आधी दोन कॉप्या करा, एक वेगळ्या घरात ठेवायला. प्रत्येक फोटोला नकाशावरचा नंबर आणि कॅमेरा कुठल्या दिशेला होता त्याचा बाण. आज वाटतं लक्षात राहील, सहा महिन्यांनी सगळ्या ओसऱ्या सारख्याच दिसतात. अपलोड करण्याआधी फोटोंतलं जीपीएस काढून टाका. बिऱ्हाडं गेलेल्या वाड्यातले कोरीव खांब आणि दरवाजे अँटिकच्या बाजारात जातात, कधी मालकाला कळण्याआधी. सुंदर महिरप अधिक अचूक पत्ता अधिक ‘इथे आता कुणी राहत नाही’ ही कॅप्शन, म्हणजे घरपोच कॅटलॉगच झाला की!

शेवटचं काम सगळेच ‘करू नंतर’ म्हणून ठेवतात, त्याला तारीख लावून घ्या. पंधरा दिवसांच्या आत सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घालून वाड्यात नेऊन द्यायचे, आणि चौकाचा एक मोठा प्रिंट. आजींना पेन ड्राइव्हचा उपयोग नसतो. प्रिंट त्या चष्मा लावून बराच वेळ बघतात आणि मग सांगतात, की ह्या कोपऱ्यात पूर्वी अजून एक दार होतं. वही बरोबर न्या.